सोसायटीची चर्चा आणि निर्णय: कोणते साधन कशासाठी वापरावे?

सेक्टरवासी (नेरुळ)

नमस्कार. आमची वसाहत नेरुळमध्ये सिडकोने बांधलेली आहे. सहा इमारती आणि ९६ घरे. एप्रिलपासून सचिवपदाची जबाबदारी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर सात वर्षे चालत आलेला व्हॉट्सअ‍ॅपचा गटही आला.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला होता. गळणाऱ्या दोनच इमारतींचे काम करावे की सहाही इमारतींचे, यावर गटात चार दिवस चर्चा झाली. मधेच कोणाच्या मुलीचा दहावीचा निकाल आला, अभिनंदने झाली, गुरुवारी पाणी येणार नसल्याची सूचना आली आणि त्याच ओघात कोणीतरी ‘मग सहाही करून टाकू’ असे लिहिले. त्यावर अकरा अंगठे उमटले. त्या वेळच्या समितीने तो होकार मानून ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली. वर्गणीची मागणी घरोघरी पोहोचली तेव्हा एकोणीस घरांनी सांगितले की, आम्ही हो म्हटलेच नव्हते. ते खोटे बोलत नव्हते. मी ते सर्व संदेश, तीनशेहून अधिक, पुन्हा वाचून काढले. नेमके काय ठरले हे एका वाक्यात कोणीही लिहिलेले नव्हते. या प्रकरणात तीस वर्षे एकमेकांकडे दिवाळीचा फराळ पाठवणारी दोन घरे एकमेकांशी बोलेनाशी झाली, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

आता पुनर्विकासाचा विषय येऊ घातला आहे आणि तो गच्चीहून कितीतरी मोठा आहे. सोसायटीचा एक ब्लॉग सुरू करावा, प्रत्येक विषयाला स्वतंत्र नोंद असावी, सदस्यांनी तिच्याखाली मते लिहावीत आणि अखेरीस निर्णय त्याच नोंदीच्या माथ्यावर लिहावा, असे माझ्या मनात आहे. गट फक्त तातडीच्या सूचनांसाठी राहील. ज्यांनी असे काही करून पाहिले आहे, त्यांनी अनुभव सांगावा.

१. मासुंदा (ठाणे)

आम्ही वसंत विहारच्या आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी हेच केले. पहिली नोंद साठ जणांनी वाचली आणि चौथी सात जणांनी. कारण साधे होते: दुवा गटात टाकला जाई आणि चर्चा त्या दुव्याखाली, गटातच होत असे. समितीचे सदस्यही तिथेच उत्तरे देत. जिथे उत्तर मिळते तिथेच माणूस विचारतो, त्यामुळे ब्लॉगकडे जाण्याचे कोणाला कारणच उरले नाही.

२. पारसिक (महापे)

सेक्टरवासी, तुमच्या गच्चीच्या प्रकरणात माणसांइतकाच दोष साधनाच्या रचनेचा आहे, असे मला वाटते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मजकूर वेळेच्या क्रमाने लागतो, विषयाच्या क्रमाने लागत नाही. एखाद्या संदेशाला उद्देशून उत्तर देता येते, परंतु ते उत्तरही त्याच प्रवाहात सर्वांत खाली जाऊन पडते. पिन केलेला संदेश फार तर ३० दिवस वर राहतो. नंतर सामील झालेल्या सदस्याला आधीची चर्चा आपोआप दिसत नाही. पाठवलेला संदेश पहिल्या १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, त्यानंतर नाही. म्हणजे चार दिवसांनी चूक लक्षात आली तर मूळ वाक्य तसेच राहते आणि दुरुस्ती कुठेतरी दोनशे संदेशांखाली जाते. ‘आज पाणी उशिरा येईल’ हे सांगायला याहून चांगले साधन नाही. निर्णय जपण्यासाठी मात्र ते बनवलेलेच नाही.

मी ज्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो तिथे आमचा संघ पुणे, महापे आणि परदेशातील एका शहरात विखुरलेला आहे. आम्ही गप्पांसाठी चॅट वापरतो. परंतु कोणताही बदल करण्याआधी प्रस्ताव मांडणाऱ्याने दीड-दोन पानांचे टिपण सामायिक दस्तऐवजात लिहायचे असते: अडचण काय आहे, कोणते पर्याय आहेत, प्रत्येकाचा खर्च किती आणि त्याला स्वतःला कोणता पर्याय योग्य वाटतो. बाकीचे त्या त्या वाक्याच्या समासात शंका लिहितात. बैठक भरते ती फक्त न सुटलेल्या शंकांसाठी, आणि ती सहसा वीस मिनिटांत आटोपते.

संख्येचाही विचार करावा. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले होते की, कामावरील माणसे वाढली की त्यांच्यातील संवादाच्या जोड्या त्याहून कितीतरी वेगाने वाढतात. पाच माणसांत १० जोड्या होतात, दहांत ४५. तुमच्या ९६ घरांत प्रत्येक घरातून एकच माणूस धरला तरी ४,५६० जोड्या होतात. इतक्या जोड्यांमधून एकच समज तोंडी पसरेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. सर्वांनी एकाच मजकुराकडे पाहावे, हाच त्यावरचा मार्ग आहे.

३. नौपाडेकर

मी एकोणीस वर्षे आमच्या संस्थेच्या समितीवर होतो, म्हणून थोडे परखडपणे लिहितो. अकरा अंगठ्यांना होकार मानणे ही साधनाची चूक नव्हे, ती समितीची चूक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि उपविधी यांनी सभा, सूचना, गणपूर्ती, ठराव आणि इतिवृत्त ही सर्व व्यवस्था आधीच करून ठेवली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. हे १४ दिवस कशासाठी आहेत? सदस्याने विषय वाचावा, हिशेब तपासावा, शेजाऱ्याशी बोलावे आणि मत बनवून सभेला यावे यासाठी. पुनर्विकासाबाबत तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सभेच्या चित्रीकरणाचीही अपेक्षा आहे. ब्लॉगवरील शंभर टिप्पण्या एका ठरावाची जागा घेऊ शकत नाहीत. हे सेक्टरवासींनी सदस्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, अन्यथा उद्या कोणी ब्लॉगवरची टिप्पणी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांपुढे नेऊन ठेवील.

दुसरे असे की, त्या गळक्या गच्च्यांवर सर्वांना एकदा नेले असते, तर तीनशे संदेशांची गरजच पडली नसती.

४. विदिशा (ठाणे)

नौपाडेकर काका, तुमचा मुद्दा मान्य आहे. परंतु ते चौदा दिवस सध्या वाया जातात, हेही खरे आहे. सूचना फलकावर लागते आणि सदस्य थेट सभेच्या दिवशी उगवतात. या मधल्या काळातील विचारविनिमयासाठीच साधन हवे आहे.

मी महाविद्यालयात गणित शिकवते. माझ्या विषयातले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल असे वाटते. गणितातील सर्वोच्च सन्मानांपैकी एक असलेल्या फील्ड्स पदकाचे मानकरी टिमोथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये स्वतःच्या ब्लॉगवर विचारले की, अनेकांनी खुलेपणाने एकत्र येऊन गणितातील एखादा कठीण प्रश्न सोडवता येईल का? त्यांनी एका अवघड प्रमेयाची (हेल्स–ज्युएट प्रमेयाच्या घनतेच्या रूपाची) नवी सिद्धता शोधण्याचे काम निवडले. टेरेन्स ताओ यांच्यासारखे गणिती त्यात उतरले आणि शाळेत शिकवणारेही उतरले. ३७ दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० टिप्पण्या लिहिल्या आणि मार्चमध्ये गॉवर्स यांनी जाहीर केले की, प्रश्न बहुधा सुटला आहे. पुढे तो शोधनिबंध डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक नावाने प्रसिद्ध झाला.

मला त्यात मोलाच्या वाटतात त्या तेथील शिस्तीच्या गोष्टी. प्रत्येक टिप्पणीला क्रमांक होता, म्हणून ‘मघाशी कोणीतरी म्हटले तसे’ असे लिहावे लागत नसे. एका टिप्पणीत एकच लहान विचार मांडावा, तो अर्धवट असला तरी चालेल, अशी मुभा होती. सौजन्य हा लिखित नियम होता. चर्चा लांबली की आतापर्यंतचा गोषवारा देऊन नवी नोंद सुरू केली जाई, आणि जे हाती लागले ते शेजारीच एका विकीवर, म्हणजे सर्वांना मिळून लिहिता-बदलता येणाऱ्या संकेतस्थळावर, नीट मांडून ठेवले जाई. बोलण्याची जागा आणि सारांश जपण्याची जागा त्यांनी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. सेक्टरवासी, तुमच्या कल्पनेत या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत आहेत. त्या वेगळ्या केल्यास बरे होईल.

५. ऐरोलीचा पूल

क्रमांकांची कल्पना उत्तम आहे. याच धाग्यावर ती पाळू या. क्र. ३ मधील गच्ची पाहण्याच्या सूचनेला माझे अनुमोदन.

६. शांभवी (कोपरखैरणे)

क्र. २ आणि क्र. ४ दोन्ही पटले, परंतु दोन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत धरली आहे: सर्वांना लिहिता येते आणि लिहिण्याचे धैर्य असते. आमच्या गटात १४० सदस्य आहेत. एका महिन्याचे संदेश मी मोजले, तेव्हा लिहिणारे फक्त सतरा जण निघाले आणि त्यांत स्त्रिया तीन. पाण्याची टाकी, कचरा, मुलांच्या खेळण्याची जागा, जिन्यातील दिवे या गोष्टींशी दिवसभर ज्यांचा संबंध येतो, त्याच गप्प असतात. माझ्या सासूबाईंना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “मी काही लिहिले की दोन मिनिटांत कोणीतरी खोडून काढते, मग पुन्हा कशाला लिहू?”

शांत माणसाला विचार करायला वेळ लागतो आणि धावता गट तो वेळ देत नाही. म्हणून मला ब्लॉग किंवा दस्तऐवज जवळचा वाटतो. तेथे आठ दिवसांनी दिलेले उत्तरही पहिल्या उत्तराइतकेच नीट दिसते. मात्र ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक इमारतीत एक जण नेमावा. त्याने घरी जाऊन मत विचारावे, लिहावे आणि त्या व्यक्तीच्या नावाने नोंदीखाली द्यावे. आम्ही खेळाच्या जागेबाबत हे केले, तेव्हा सासूबाईंनी सुचवलेली जागा, जिथे दुपारी इमारतीची सावली असते, तीच अखेर निवडली गेली. त्याआधी तिचा विचारही कोणी केला नव्हता.

७. रात्रपाळी (ठाणे)

मी बावीस वर्षे परिचारिका आहे. आमच्या कामात संवाद चुकला तर रुग्णाला त्रास होतो, म्हणून या विषयावर लिहावेसे वाटले.

पाळी बदलताना आम्ही ‘ओव्हर’ देतो. ते नुसते तोंडी नसते आणि नुसते लेखीही नसते. नोंदवही असतेच, परंतु दोघी मिळून प्रत्येक खाटेपाशी जातो आणि रुग्णासमोर बोलतो. वहीत लिहायचे राहून गेलेले तिथे डोळ्यांना दिसते: सलाईन संथ झाले आहे, नातेवाईक रडत आहेत, रुग्ण कालपेक्षा गप्प आहे. नौपाडेकरांनी म्हटलेली गच्चीवरची भेट मला म्हणूनच पटते.

दुसरी सवय अशी की, डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले तर ते आधी लिहायचे, मग लिहिलेले त्यांना वाचून दाखवायचे आणि त्यांनी ‘बरोबर’ म्हटल्यावरच पुढे जायचे. नावाने सारखी आणि गुणाने वेगळी अशी औषधे पुष्कळ आहेत. ऐकण्यातील चूक या एका पायरीवर पकडली जाते. तुमच्या गटात कोणीतरी ‘मग सहाही करून टाकू’ लिहिल्यावर समितीतील एकाने ‘म्हणजे सहाही इमारतींचे काम, इतका खर्च, प्रत्येक घराला इतकी वर्गणी, असे ठरत आहे का?’ एवढे लिहिले असते, तर ती एकोणीस घरे त्याच दिवशी बोलली असती.

८. पारसिक

रात्रपाळी ताई, ही परत वाचून दाखवण्याची पायरी आमच्या पद्धतीत नाही. उद्यापासून मी ती माझ्या संघात आणणार आहे.

९. कांदळवन (वाशी)

मी मराठी विकिपीडियावर लिहितो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चापान असते. वाद चर्चापानावर घालायचा आणि लेखात जे मान्य झाले तेच ठेवायचे, अशी रीत आहे. सर्वसाधारण विषयांवर बोलण्याच्या जागेला तेथे ‘चावडी’ म्हणतात. विदिशा ताईंनी सांगितलेली दोन जागांची विभागणी तीच आहे. विकीची मूळ कल्पना १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी आणली. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस त्यांनी पाहिली होती आणि त्या हवाईयन शब्दाचा अर्थ आहे ‘लवकर लवकर’.

विकीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे इतिहासाचे पान. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे कायम दिसते. सोसायटीच्या कामात याचे महत्त्व फार आहे. निर्णयाच्या पानावरील रक्कम मागाहून कोणी बदलली, हा संशय एकदा शिरला की तो साध्या खुलाशाने जात नाही. सामायिक दस्तऐवजातही आवृत्त्यांचा इतिहास पाहता येतो. तो सर्वांना पाहता येईल अशी व्यवस्था करावी.

१०. मासुंदा

एक सावधगिरी सुचवतो आणि ती मी मनापासून सांगत आहे. ब्लॉग सर्वांसाठी खुला ठेवू नये. थकबाकीदारांची नावे, कोणाच्या घरातील आजारपण, पुनर्विकासात सदस्य किती क्षेत्रफळावर तयार होतील याचा अंदाज, हे सर्व विकसकही वाचू शकतो. वाटाघाटीआधीच आपला शेवटचा आकडा समोरच्याच्या हाती गेला तर नुकसान ९६ घरांचे होईल. वाचक निवडून देण्याची सोय असते, ती वापरावी. थकबाकीचा विषय तर कोणत्याही सामूहिक जागेवर आणू नये. त्यासाठी त्या घरी जाऊन बोलावे.

११. नौपाडेकर

मासुंदा यांच्याशी पूर्ण सहमत. रात्रपाळी यांच्या प्रतिसादानंतर मी माझ्या आधीच्या मताला थोडी मुरड घालतो. इतिवृत्त आम्ही पुढील सभेत वाचून कायम करीत असू, म्हणजे वाचून दाखवणे होते, पण कित्येक महिन्यांनी. त्याच दिवशी, सभा उठण्याआधी, ठरावाचा मजकूर मोठ्याने वाचला असता, तर माझ्या कारकिर्दीतील निदान दोन तंटे टळले असते.

१२. सेक्टरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी हे सर्व समितीपुढे ठेवले आणि आम्ही असे ठरवले आहे. गट फक्त सूचनांसाठी राहील आणि तेथे विषयावरील प्रश्न आला तर समितीचा कोणताही सदस्य तेथे उत्तर देणार नाही. नोंदीचा दुवा देईल (मासुंदा यांच्या अनुभवावरून). प्रत्येक विषयाला निवडक वाचकांसाठी एक नोंद, क्रमांकित टिप्पण्या आणि दहा दिवसांची मुदत असेल. निर्णयांची वही वेगळी राहील. प्रत्येक इमारतीत शांभवी ताईंनी सुचवल्याप्रमाणे एक ‘लेखनिक’ असेल. ठराव मात्र सभेतच होईल आणि सभा उठण्यापूर्वी वाचून दाखवला जाईल.

पहिला विषय गच्चीचाच घेतो. अनुभव कळवीन.

१३. सेक्टरवासी (अडीच महिन्यांनंतर)

कबूल केल्याप्रमाणे लिहीत आहे. रविवारी सकाळी आधी गच्च्यांवर गेलो. ५२ घरांतील माणसे आली. दोन इमारतींच्या गच्चीवरील लादी उकललेली सर्वांनी पाहिली आणि उरलेल्या चार इमारतींत गळती नसून पावसाच्या पाण्याचे पाइप तुंबलेले आहेत, हेही तेथेच कळले. ते गेल्या वर्षीच्या तीनशे संदेशांत कुठेही नव्हते. त्यानंतर नोंद लिहिली. ३४ घरांची मते आली. त्यांतील बारा घरांनी गटात आजवर कधीही काही लिहिलेले नव्हते आणि त्या बारांपैकी नऊ मते लेखनिकांनी घरी जाऊन आणली होती. सभेत ठराव वाचून दाखवला तेव्हा एका सदस्याने वर्गणीच्या आकड्यातील चूक दाखवली आणि ती लगेच दुरुस्त झाली. दोन इमारतींचे काम आणि बाकीच्यांची पाइपसफाई, असे ठरले. ठेकेदाराकडे असलेली आगाऊ रक्कम याच कामात वळती होणार आहे.

एक गोष्ट जमलेली नाही. टिप्पणी क्र. २१ मध्ये एका सदस्याने माजी खजिनदारांवर वैयक्तिक शब्दांत आरोप केला. मी ती टिप्पणी काढली नाही, फोन केला आणि त्यांनीच शब्द बदलले; परंतु त्या तीन तासांत ज्यांना ती वाचायची होती त्यांनी वाचली होती. माजी खजिनदार सभेला आले नाहीत.

१४. रात्रपाळी

त्यांच्याकडे समितीतील कोणी गेले होते का? नसेल तर जावे, आणि फोन न करता घरी जावे.

१५. ऐरोलीचा पूल

माझा प्रश्न वेगळा आहे. नवी मुंबईतील बहुतेक वसाहतींत मल्याळी, तमिळ, गुजराती, पंजाबी अशी सर्व घरे असतात. तुमची नोंद कोणत्या भाषेत लिहिली होती? आमच्याकडे मराठीत लिहिले की काही जण वाचत नाहीत आणि इंग्रजीत लिहिले की आजी-आजोबा वाचत नाहीत.

१६. शांभवी

आमच्याकडे नोंद मराठीत आणि खाली तिचा इंग्रजी सारांश असतो. यंत्राने केलेले भाषांतर वापरून पाहिले, पण आकडे आणि अटी असलेल्या वाक्यांवर माणसाची नजर फिरवावीच लागते. एकदा ‘थकबाकी’ आणि ‘शिल्लक’ यांची अदलाबदल झाली होती. मत मात्र ज्याने त्याने स्वतःच्या भाषेत द्यावे. आमच्या मजल्यावरील एक मल्याळी आजी त्यांच्या भाषेत बोलून संदेश पाठवतात आणि त्यांची नात तो मराठीत लिहून देते. नात लिहिलेले त्यांना परत सांगते, त्या मान हलवतात आणि मगच ते नोंदीखाली जाते.

१७. सेक्टरवासी

आमच्या सी इमारतीतील चार घरांनी मत दिले नाही, त्यांपैकी तीन घरे मराठी बोलणारी नाहीत, हे आता लक्षात येत आहे. मी ते उदासीनता समजून बसलो होतो. त्या इमारतीच्या लेखनिक काकू उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर त्या तिन्ही घरी येतील. तेथून परतताना मी माजी खजिनदारांकडेही जाणार आहे.